मासे का मेले? आणि आपण मोजायचं काय?

'खेळातून पर्यावरण शिक्षण' हा विषय प्रस्ताव लिहिताना फार सोपा वाटतो. मलाही वाटला होता. पहिल्या पायलटमध्ये मी सातवीच्या मुलांना विचारलं, "खेळ आवडला का?" जवळपास सगळ्यांनी 'हो'वर खूण केली. गाईड सर प्रश्नावली बघून म्हणाले, "गणिताचा तास बुडाला तरी मुलं 'हो'च म्हणतील. शिकली काय?" दोन महिन्यांची मेहनत बाद!

मग मी हार्वर्डमध्ये तयार झालेला 'इकोमूव्ह' नीट अभ्यासला. तुम्हीही अभ्यासा. पडद्यावर एक तळं असतं. मुलं त्याभोवती फिरतात, पाण्याचं तापमान, फॉस्फेट, विरघळलेला ऑक्सिजन मोजतात, तारीख मागे-पुढे करतात. एके दिवशी मोठे मासे मरून पडलेले दिसतात. चौघांच्या गटात कामं वाटलेली असतात, त्यामुळे एकट्याच्या आकड्यांवरून उलगडा होत नाही.

पहिला अंदाज ठरलेला: कुणीतरी विष टाकलं. खरं कारण लांबचं आहे. वस्तीतल्या हिरवळीला घातलेलं खत पावसाने तळ्यात येतं, शेवाळ माजतं. (शेवाळ तर ऑक्सिजन देतं, मग मासे का मरावेत? इथे मीही अडखळलो होतो.) पण ते मरतं, तेव्हा त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यात हवा उबदार आणि वारा पडलेला, म्हणजे पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी. कारण घडलं एका जागी, परिणाम दुसरीकडे, मध्ये बरेच दिवस, आणि जिवाणू डोळ्यांना न दिसणारे. यातली टीना ग्रोट्झर ही संशोधक नेमकं हेच बघते: मुलं कारणं कशी जोडतात.

तेव्हा 'आवड' मोजत बसू नका. मी आता मेलेल्या माशांचं एक चित्र देतो आणि "असं का झालं असेल?" एवढंच लिहायला सांगतो, खेळाआधी आणि नंतर. उत्तरात किती दुवे आहेत, लांबचं किंवा न दिसणारं कारण आलंय का, ते दोघांनी एकमेकांचं न बघता तपासायचं. शिवाय तेच आकडे कागदावर दिलेला दुसरा वर्ग हवाच, नाहीतर फरक खेळामुळे पडला की आकड्यांमुळे, ते कळणार नाही.

हे कटकटीचं आहे. 'हो-नाही' मोजायला एक संध्याकाळ लागली होती, या उत्तरांना तीन आठवडे लागले. एकाने खेळानंतरही लिहिलंय, "विष टाकलं." त्याचा कागद मी वेगळा ठेवलाय. पुढच्या खेपेला आधी त्याच्याशीच बोलणार आहे.