बाटली आपली, टेबल जहाजाचं

वाइनच्या बाटलीला विमानात जो नियम लागतो, त्याच्या बरोबर उलटा नियम क्रूझच्या जहाजावर लागतो. विमानात ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची, कारण हातातल्या सामानात १०० मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. जहाजावर मात्र ती हातातच हवी. धक्क्यावर हमालांच्या हवाली केलेल्या बॅगेत ती निघाली, तर बॅग केबिनच्या दाराशी येत नाही. सुरक्षा विभागात अडकून पडते, आणि मालकाला तिथे जाऊन ती सगळ्यांदेखत उघडावी लागते. म्हणून भारतातून येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते की बंदरावर जाण्यापूर्वी एकदा सामान नीट लावा.

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून अलास्काला निघालो होतो. नवरा, मी, पुण्याहून आलेला दीर आणि जाऊ. पिअर २७ वरचं क्रूझ टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झालं. तिथल्या रांगेत उभं राहिलं की कॅलिफोर्नियाची ओळख हातातल्या पिशव्यांवरून पटते. नापा आणि सोनोमा ही द्राक्षांची खोरी गाडीने तास-दीड तासावर. त्यामुळे आदले दोन दिवस तिकडे फिरून आलेली जोडपी उभट पिशव्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या सांभाळत उभी असतात. पट्टा सरकतो, पडद्यावर काचेची गडद आकृती दिसते. तपासणारी बाई लेबल बघते, बाटली किती मोठी आहे ते बघते, आमच्या वयाकडे एक नजर टाकते आणि पुढे पाठवते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर वय २१ पूर्ण हवं, बाटली ७५० मिलीलिटरपेक्षा मोठी नको. खोक्यातली वाइन बहुतेक जहाजांवर चालत नाही. व्हिस्की, रम, व्होडका दिसली की तिला चिठ्ठी लागते आणि ती प्रवास संपेपर्यंत कुलपात जाते.

वाइनला सूट आणि व्हिस्कीला मनाई, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. तिकिटाचा दर खाली ठेवून जहाज जी कमाई करतं, तिचा मोठा भाग बारमधून येतो. व्हिस्कीची एक बाटली केबिनमध्ये आली की तेवढे कित्येक पेले बारमध्ये विकले जात नाहीत. वाइनची बाटली मात्र दोघांच्या एका जेवणात संपते. ती जेवणाशी, वाढदिवसाशी, लग्नाच्या तारखेशी जोडलेली असते, आणि असे प्रवासी कंपन्यांना दुखवायचे नसतात. पण हा समजूतदारपणा सगळीकडे सारखा नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल माणशी एक बाटली नेऊ देतात. नॉर्वेजियनवर कितीही न्या, मात्र प्रत्येक बाटलीचं कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली आणल्याचं शुल्क, भरा. डिस्नेच्या जहाजांवर वाटेतल्या बंदरांतूनही दोन बाटल्या आणता येतात. एमएससीवर एकही नाही. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढताना कंपनीचं पान ताजं वाचावं.

ही मुभा विश्वासावर चालते, आणि तो विश्वास मोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शाम्पूच्या बाटलीत रम, माउथवॉशच्या बाटलीत रंगवलेली व्होडका, कपड्यांत लपवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याची किंमत बाकीच्यांनी मोजली. २०१५ मध्ये कार्निव्हल आणि नॉर्वेजियन यांनी प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणायलाही बंदी केली, कारण पाण्याच्या नावाखाली दारू येत होती. लहान मुलं बरोबर असलेल्या आईला पाण्याची बाटली टाकून द्यावी लागते ती त्यामुळे.

चार माणसं म्हणजे चार बाटल्या, आणि त्या निवडणं हाच या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग. जहाजाच्या यादीत बहुधा मोठ्या, सगळीकडे मिळणाऱ्या नावांच्याच वाइन असतात, त्याही दुकानातल्या दुपटीच्या आसपास किमतीला. तेच लेबल घरून न्यायचं तर फक्त पैसे वाचतात. न्यायची ती यादीत कधीच नसणारी बाटली. नवरा आणि दीर मासे खातात, आणि अलास्काच्या वाटेवर सामन रोज पानात असतो. त्यासाठी सोनोमातल्या रशियन रिव्हर खोऱ्यातली पिनो न्वार घेतली. पॅसिफिकचं धुकं रोज त्या खोऱ्यात शिरतं, द्राक्षं सावकाश पिकतात आणि वाइनमध्ये आंबटपणा टिकून राहतो. माशाला तो लागतोच. मी आणि जाऊ शाकाहारी. आदल्या दिवशी सांगितलं तर जहाजाचं स्वयंपाकघर डाळ, पनीर, भाजी करून देतं, त्याबरोबर लाल वाइन कडवट लागते. म्हणून मेंडोसिनोतल्या अँडरसन खोऱ्यातली गेवुर्ट्झट्रामिनर घेतली. गुलाबाचा, लिचीचा वास आणि किंचित गोडवा असल्यामुळे तिखटाशी तिचं छान जमतं. तिसरी शॅम्पेनच्या पद्धतीने केलेली फसफसती. चौथी दिराने नाशिकहून आणलेली शनां ब्लां. अमेरिकेत येताना प्रौढ माणसाला एक लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, त्यात ती बसली.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उन्हाळ्यात नापाला पारा ३५ अंशांवर जातो. बंद गाडीच्या डिकीत बाटली राहिली तर आतली वाइन फुगून बूच वर ढकलते आणि चव शिजल्यासारखी होते. आणि जुनी, गाळ धरलेली वाइन जहाजावर नेऊच नये. सॅन फ्रान्सिस्को सोडल्यावर दोन दिवस उघडा पॅसिफिक असतो. जहाज डोलतं, इंजिनाची थरथर सतत चालू असते. तळाशी बसलेला गाळ पुन्हा बसायला उसंतच मिळत नाही. तरुण वाइन न्यावी, केबिनमधल्या कपाटाच्या तळाशी स्वेटरांमध्ये आडवी ठेवावी.

फसफसती आम्ही पहिल्याच संध्याकाळी, जहाज गोल्डन गेट पुलाखालून जाताना, बाल्कनीत उघडली. तिच्या पोटातला दाब हवेच्या सहापट असतो, म्हणून नीट गार केल्याशिवाय तिला हात लावू नये. केबिनमधला छोटा फ्रिज त्या कामाचा नाही. केबिन सांभाळणाऱ्याने न मागता बर्फाची बादली आणून ठेवली. आमच्या जहाजावर पहिली बाटली केबिनमध्ये प्यायली तर शुल्क नव्हतं. जेवणाच्या दालनात नेली की २० डॉलर कॉर्केज.

आपलीच वाइन प्यायचे २० डॉलर, असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी वाइन स्टुअर्डचं काम एकदा शेजारून बघावं. आमचा स्टुअर्ड मडगावचा होता. जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटींची परंपरा गोव्यात जुनी आहे. आगबोटींच्या काळात पी अँड ओच्या जहाजांवर गोव्याचे खानसामे, वाढपी असत. आम्ही मराठी बोलतोय हे कळल्यावर त्याची इंग्रजी थांबली आणि कोकणीच्या हेलातली मराठी सुरू झाली. त्याने पिनो न्वार हातात घेतली, लेबल नवऱ्याला दाखवलं, बाटलीच्या ओठाखालून पातळ धातूचं आवरण कापलं, दोन टप्प्यांच्या कॉर्कस्क्रूने बूच आवाज न करता काढलं आणि हुंगून बघितलं. जहाज डोलत होतं, म्हणून ग्लास टेबलावर न ठेवता हातात धरून वाइन ओतली. पिनोसाठी पोटाळ ग्लास, गेवुर्ट्झट्रामिनरसाठी अरुंद. ‘‘ताई, ही आत्ता जास्तच गार आहे. पाच मिनिटं बर्फाबाहेर ठेवतो, मग वास येईल,’’ असं म्हणून त्याने ती बादलीतून उचलली. खरंच पाच मिनिटांनी गुलाब आला. उरलेल्या बाटलीला त्याने बूच लावलं, केबिनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता ती टेबलावर हजर केली.

यात त्याने काही विकलं नव्हतं. कंपनीने ठरवलेल्या शुल्कातलं त्याच्या हाती किती पडतं हे विचारायची गरज वाटली नाही. आम्ही त्याचं वेगळं दिलं. मला कॉर्केज रास्त वाटतं. ते ग्लासाचं, बर्फाचं, साठवणीचं आणि या नजरेचं मोल आहे.

नाशिकची बाटली शाकाहारी जेवणाच्या दुसऱ्या रात्री काढली. तिला फिरकीचं झाकण होतं, तरी त्याने तिला तोच मान दिला; लेबल दाखवलं, थोडी ओतून दिराच्या पसंतीची वाट पाहिली. तिच्याबद्दल दीर आणि मी बराच वेळ बोलत राहिलो. नाशिकची सुला वायनरी १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक राजीव सामंत यांनी मदतीला घेतलेले वाइनमेकर केरी डॅमस्की सोनोमाचेच. म्हणजे आमच्या टेबलावरच्या पिनोचा आणि या शनां ब्लांचा मुलूख एकमेकांना आधीपासून ओळखत होता. सोनोमात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षं ऑगस्टपासून उतरतात. नाशिकला वेल झोपतच नाही. वर्षातून दोनदा छाटावा लागतो आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. इतक्या वेगळ्या शेतीतून आलेली वाइन त्या रात्री पनीर-मटारबरोबर गेवुर्ट्झट्रामिनरहून सरस ठरली, कारण तिचा ताजा आंबटपणा टोमॅटोच्या रश्श्याला तोडीस तोड होता. स्टुअर्डने नाव टिपून घेतलं.

१८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून तिथेच परतणारा असा फेरा पूर्ण करताना एका परदेशी बंदराला टेकावं लागतं. अलास्काच्या जहाजांचं ते बंदर बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. तिथे जावेने आइस वाइनची छोटी बाटली घेतली. वेलावरच गोठलेल्या द्राक्षांची ही वाइन मधासारखी दाट असते. चढताना ती काढून घेतली गेली, पावती मिळाली. हा एक नियम मला पटत नाही. प्रवासाच्या पहिल्या दिवशी घरून आणलेली बाटली टेबलावर चालते, तर वाटेतल्या बंदराने दिलेली कॉर्केज घेऊन का चालू नये? प्रवास त्या बंदरांसाठीच तर असतो. मी उतरताना मिळणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जावर हे सविस्तर लिहिलं, आणि खाली त्या स्टुअर्डच्या कामाबद्दल आणखी सविस्तर. आइस वाइन शेवटच्या संध्याकाळी पावती दाखवून परत मिळाली आणि माणशी एक लिटरच्या हिशेबात बसवून आम्ही ती सॅन फ्रान्सिस्कोत उतरवली.