आसूड कुणाच्या हातात, कुणाच्या शेपटीत!

नेरूळ स्टेशनबाहेर किंवा गावठाणाच्या गल्लीत कधी ‘कडाड्!’ असा आवाज ऐकलाय? मोकळे लांब केस, कपाळभर हळदीकुंकू, कमरेला रंगीत खणांचा घागरा, पायात घुंगरू आणि हातात जाडजूड आसूड. हा पोतराज, मरीआईचा भक्त. सोबतच्या बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. ती ढोलकं घुमवते आणि हा गरकन फिरून आसूड ओढतो. कुणावर? स्वतःच्याच उघड्या अंगावर!

आधी त्या ‘कडाड्’चं बघू. तो पुष्कळदा अंगावर नाही, हवेतच वाजतो. आसूड मुठीशी जाड, टोकाला बारीक. हाताचा झटका दोरातून पुढे पळतो आणि दोर बारीक होत जाईल तसा त्याचा वेग वाढतो. शेवटी टोक आवाजालाही मागे टाकतं, म्हणजे ताशी १,२०० किलोमीटरच्या वर! हवेला बसलेला तो दणका आपल्याला ऐकू येतो.

पण स्वतःला मारायचं कशाला? मरीआई ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. पटकी आली की देवी कोपली असं लोक मानायचे आणि पोतराज सगळ्या गावाच्या वतीने तिला विनवायचा. युरोपात १३४८-४९ साली प्लेग आला, तेव्हा तिथेही माणसांच्या टोळ्या स्वतःला चाबकाने फोडत गावोगाव फिरत होत्या. पोतराजाची पाठ खरोखर सोलवटते बरं का. कित्येक तरुणांनी जटा कापून ही प्रथा सोडली, ते उत्तमच केलं.

आता खरी गंमत. १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला. किंचित वाकडा, एका मिलिमीटरच्या रेषेवर पाचेकशे मावतील एवढा. आणि त्याच्या एका टोकाला चक्क आसूड! पुस्तकात त्याला कशाभिका म्हणतात.

हा आसूड फटके मारत नाही. गरगर फिरतो, सेकंदाला शेकडो वेळा! इतक्या लहान जिवाला पाणी मधासारखं दाट लागतं. शेपूट वल्ह्यागत नुसती पुढे-मागे हलवली, तर स्वारी जागच्या जागीच. म्हणून शेपटी मळसूत्री आणि तिच्या मुळाशी एक चक्री. ही चक्री चालते कशावर? सोडियमवर, म्हणजे मिठात असतं त्यावर! सोडियमचे कण बाहेरून आत घुसतात आणि त्या रेट्याने चक्री फिरते. नेरूळच्या खाडीत असतं तसलं निमखारं पाणी या जंतूला मानवतं, ते उगीच नाही.

शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत या जंतूची पोहण्याची सोय बिघडवून पाहिली. मग तो आतड्यातल्या चिकट थरात रखडला आणि आजारही कमी झाला. घरी पाणी उकळून प्यायलं, तर एवढाही खटाटोप नको. चक्रीसकट जंतू खलास!