संघ कोण निवडतो, आणि वगळलेल्याचे पुढे काय होते?

१ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहायला आलेल्या प्रेक्षकांची संख्या होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटी चित्रफीत प्रसारित केली. टीका करा, हवे तर शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या, असे त्याचे आर्जव होते. ४ जूनला केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, तेच मैदान भरून गेले.

त्या आर्जवात एक करार दडलेला होता. प्रेक्षकाने यावे, आणि आल्यावर त्याला बोलण्याचा हक्क असावा. भारतीय फुटबॉलचा चाहता हा हक्क पुरेपूर बजावतो. हंगाम संपला की कोणाला ठेवले, कोणाला सोडले, कोण पैशासाठी गेला, कोणाचा गुडघा संपला, कोण लग्नानंतर मंदावला, याची चर्चा सामन्यांपेक्षाही जास्त दिवस चालते. या चर्चेत बहुतेकदा खेळाडूच्या निष्ठेवर बोट ठेवले जाते. प्रत्यक्षात संघातील जागा ठरते ती करार, नोंदणीचे नियम, वेतनमर्यादा आणि डॉक्टरांचे अहवाल यांवरून. हा हिशेब समजून घ्यायला गोवा आणि मुंबई यांच्यातील २०२० सालच्या प्रकरणाइतके चांगले उदाहरण नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवा संघ इंडियन सुपर लीगच्या अग्रस्थानासाठी झुंजत असताना व्यवस्थापनाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. साखळीतील मोजकेच सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली संघाने साखळीतील सर्वोत्तम संघाची ढाल जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. गोव्याला आनंद साजरा करायला फारसा अवधी मिळाला नाही. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्यामागून अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू हे परदेशी खेळाडू गेले. सर्वांत जिव्हारी लागले ते गोव्याचाच मंदार राव देसाई जाणे. लोबेरा यांनी या डाव्या विंगरला बचावफळीत आणून त्याच्या कारकिर्दीला नवे वळण दिले होते.

फातोर्ड्यात विश्वासघाताची भाषा सुरू झाली. ती स्वाभाविक होती, पण घडले ते वेगळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता आणि पैशाचे पारडे तिकडे झुकले होते. काही खेळाडूंचे करार संपत आले होते. बुमूच्या करारात मुक्तता रकमेचे कलम होते, म्हणजे ठरलेली रक्कम भरणाऱ्याला क्लब अडवू शकत नाही. ती रक्कम सुमारे १.६ कोटी रुपये असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. चाहत्यांनी ज्याला फितुरी म्हटले ती करारातील एका ओळीची अंमलबजावणी होती, आणि ती ओळ गोव्याच्या व्यवस्थापनानेच मान्य केलेली होती.

पुढचा हंगाम करोनामुळे संपूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर ६-५ असे नमवले आणि १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून करंडक उचलला. अंतिम सामना फातोर्ड्यालाच होता. गोव्याच्या चाहत्यांना ते दृश्य घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहावे लागले.

या सगळ्यामागचे नियम तसे गुंतागुंतीचे नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी ही मर्यादा तीन वर्षांची. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार करू शकतो. करार संपल्यावर जुन्या क्लबला एक पैसाही न देता तो जाऊ शकतो, हा हक्क युरोपात १५ डिसेंबर १९९५ रोजी बेल्जियमचा खेळाडू झाँ-मार्क बोसमन याच्या खटल्याने प्रस्थापित झाला. बोसमनचे स्वतःचे खेळजीवन त्या लढ्यात संपले. ज्यांना त्याचा लाभ झाला त्या पिढ्यांतील अनेकांना त्याचे नावही ठाऊक नसेल.

नोंदणी वर्षातील ठरावीक दोन कालखंडांतच होते, त्यामुळे ऐन मोसमात दुखापत झाली तर बदली खेळाडू हवा तेव्हा मिळत नाही. त्यावर आपल्याकडची बंधने वेगळी. २०२१-२२ पासून एका वेळी मैदानात परदेशी खेळाडू पाचऐवजी चारच ठेवता येतात. संघाच्या एकूण वेतनावर अनेक हंगाम १६.५ कोटी रुपयांची मर्यादा होती. एका नावाजलेल्या बचावपटूचे मानधन वाढवायचे तर दोन तरुणांना सोडावे लागते, आणि हे गणित प्रशिक्षक पत्रकार परिषदेत सांगत नाही. तो एवढेच म्हणतो की अमुक खेळाडू योजनेत बसत नव्हता.

वगळले जाणे आजच्याइतके भीतीदायक पूर्वी नव्हते, कारण त्या काळी खेळाडू हा बहुधा कर्मचारी असे. मुंबईत एअर इंडिया, ओएनजीसी, महाराष्ट्र पोलीस यांच्या संघांतून खेळणाऱ्याला नोकरी असे; पाय थकले की कार्यालयातील खुर्ची शिल्लक राही. मानधन बेताचे, पण म्हातारपणाची सोय होती. व्यावसायिक क्लबांनी रक्कम वाढवली आणि ती खुर्ची काढून घेतली. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. गोव्याच्या फुटबॉलचे अर्धे घर एका उन्हाळ्यात रिकामे झाले. डेम्पो २०२४-२५ मध्ये परतला, पण मधल्या काळात ज्यांची पंचविशी-तिशी उलटली, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

येथे एका नावाबाबतचा घोळ दूर केला पाहिजे. म्हैसूरमधील गोकुलम हे उपनगर जगभर ओळखले जाते ते योगाचार्य के. पट्टाभि जोईस यांच्या अष्टांग योगशाळेमुळे. मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्सने वयाची चाळिशी गाठेपर्यंत खेळता येण्याचे श्रेय योगाला दिले, त्यामुळे फुटबॉलपटूंच्या मैदानाबाहेरच्या दिनचर्येविषयी बोलताना योगाचा उल्लेख हमखास होतो. मात्र गोकुलम केरळ एफसी या क्लबाचा या उपनगराशी संबंध नाही. तो कोझिकोडचा, गोकुलम उद्योगसमूहाचा. त्याची कथा नियमांचा आणखी एक पैलू दाखवते. या संघाने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी सलग दोन वर्षे आय-लीग जिंकली, पण त्या काळी आय-लीगमधून सुपर लीगमध्ये बढती नव्हती. संघाला वर जाता येत नसेल तर खेळाडू एकेकटे वर जातात. गोव्याचा विन्सी बरेटो पहिल्या विजेतेपदानंतर केरला ब्लास्टर्सकडे गेला. कोझिकोडच्या प्रेक्षकाने त्याला दोष का द्यावा?

याच क्लबाच्या महिला संघावर ऑगस्ट २०२२ मध्ये याहून कठीण प्रसंग ओढवला. आशियाई क्लब स्पर्धेसाठी मुली ताश्कंदला पोहोचल्या आणि तेव्हाच फिफाने भारतीय महासंघावर निलंबनाची कारवाई केल्याचे त्यांना कळले. त्यांनी पंतप्रधानांकडे मदतीची विनंती केली. निलंबन २६ ऑगस्टला उठले, पण तोवर स्पर्धा हातची गेली होती. कोणीही त्यांना वगळले नव्हते, तरी त्या खेळू शकल्या नाहीत.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला हा आघाडीपटू २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पुढे तो हैदराबाद एफसीत आला आणि मार्च २०२२ मध्ये त्या संघाने केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक जिंकला. दोन वर्षे उलटण्याआधी तोच विजेता क्लब वेतन देईनासा झाला. परदेशी खेळाडूंच्या थकबाकीवरून फिफाने नव्या नोंदणीवर बंदी घातली आणि २०२३-२४ च्या मध्यावर खेळाडू एकामागून एक निघून गेले. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे वेतन थकले आणि लेखी सूचनेनंतर पंधरा दिवसांतही मिळाले नाही, तर खेळाडू करार मोडू शकतो. हक्क आहे, पण तो बजावणाऱ्याच्या घराचा हप्ता त्या पंधरा दिवसांसाठी थांबत नाही.

वेतनापेक्षाही अवघड प्रश्न प्रकृतीचा. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्टियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले आणि दुसरा करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. डेम्पोने त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. गोव्यातील जुने प्रेक्षक या सामन्याविषयी आजही आवाज खाली आणून बोलतात.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर अन्वर अलीच्या बाबतीत घेतलेला पहिला निर्णय क्रूर वाटत नाही. २०१७ च्या विश्वचषक संघातील हा पंजाबी बचावपटू मुंबई सिटीत असताना २०१९ मध्ये त्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाल्याचे निदान झाले. भारतीय महासंघाच्या वैद्यकीय समितीने त्याला खेळण्यापासून रोखले. वय होते एकोणीस-वीस. त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, दुसऱ्या फळीतील सामन्यांतून परत सुरुवात केली, आणि एफसी गोवाने त्याला करारबद्ध केले. जून २०२२ मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध त्याने भारतासाठी गोल केला. डॉक्टरांनी सावध राहायला हवे होते, आणि ज्याला दुसरा व्यवसाय येत नाही त्या मुलाने झगडायलाही हवे होते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

याच अन्वरने २०२४ मध्ये मोहन बागानबरोबरचा लोन-करार अर्ध्यावर मोडून ईस्ट बंगालची वाट धरली तेव्हा मात्र तो कोलकात्यातील निम्म्या घरांसाठी खलनायक झाला. महासंघाच्या समितीने सप्टेंबरमध्ये चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई सुनावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो मैदानावर परतला. येथे चाहत्यांची नाराजी पूर्णपणे अनाठायी नव्हती. करार दोन्ही बाजूंना बांधतो.

मग चाहत्याने बोलायचे कुठवर? संदेश झिंगनचे प्रकरण या सीमेवरचे आहे. २०२० मध्ये केरला ब्लास्टर्सने त्याच्या सन्मानार्थ २१ क्रमांकाचा शर्ट निवृत्त केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये, मोहन बागानकडून जुन्या संघाविरुद्ध खेळून परतताना, त्याने महिलांविषयी अनुदार शेरा मारला. त्यावरची टीका रास्त होती आणि त्याने क्षमाही मागितली. पण शिवीगाळ आणि धमक्या त्याच्या पत्नीपर्यंत, कुटुंबापर्यंत पोहोचल्या. छेत्रीने दिलेले निमंत्रण मैदानावरच्या अकरा जणांसाठी होते; घरातल्या माणसांसाठी नव्हते.

अलीकडच्या वर्षात तर संघनिवडीची चर्चाच काही महिने निरर्थक ठरली, कारण निवडायला स्पर्धा उरली नव्हती. महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि नवा झालेला नव्हता. जुलैमध्ये नवा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. २०२० मध्ये ज्या पैशाने गोव्याचा संघ मुंबईला आणला, तो पैसा सहा वर्षांनी परत गेला. जानेवारी २०२६ च्या आरंभी छेत्री, झिंगन आणि गुरप्रीत सिंग संधू यांनी फिफालाच मदतीची हाक दिली. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून चौदा संघांची, एकेरी फेरीची ९१ सामन्यांची आखूड स्पर्धा सुरू करण्याचा मार्ग निघाला.

कोल्हापुरात या घडामोडींची झळ कमी. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठेचा अभिमान शर्टाच्या रंगात असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे हंगामाआधी नोंदणी सुरू झाली की कोणी तालीम बदलली याची वार्ता संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली पोहोचते. बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू आणल्याने घरच्या पोरांच्या जागा जातात, ही तक्रारही तीच, मडगावसारखी आणि कोलकात्यासारखी. फरक इतकाच की तालमीने वगळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर, त्याच टीकाकारांच्या शेजारी चहा घेत बसलेला असतो, आणि त्याला का वगळले हे विचारायला कोणाला पत्रकार परिषदेची वाट पाहावी लागत नाही.