'विषादसदृश' : दाह, उंदीर आणि एक उपमा

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे उंदरांवरील प्रयोगांची चर्चा करावयाची, तर तिचे प्रयोजन प्रथम सांगितले पाहिजे. शरीरातील दाह आणि मनाचा विषाद यांचा संबंध शोधणाऱ्या प्राणिसंशोधनात निष्कर्षाचा सारा भार 'सदृश' या एका लहान शब्दावर पडतो. आजारी पाडलेला उंदीर विषण्ण झाला, असे जबाबदार संशोधक लिहीत नाही; त्याचे वर्तन 'विषादसदृश' झाले, असे लिहितो. आलंकारिकांच्या परिभाषेत ही उपमा होय. उंदीर उपमेय, विषण्ण माणूस उपमान आणि 'सदृश' हा वाचक शब्द. राहिले चौथे अंग, साधारण धर्म. तो कोणता, हाच येथील खरा प्रश्न आहे.

प्रयोगाची पद्धत सोपी आहे. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे द्रव्य असते. तेवढेच उंदराला टोचले, तर जिवंत जंतू आत नसतानाही शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिनसारखी सायटोकाइन द्रव्ये स्रवू लागतात. त्यांची वार्ता रक्तावाटे आणि व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोहोचते. येथे 'दाह' म्हणावयाचे ते या सर्व प्रक्रियेला; डोळ्यांना दिसणारी सूज त्यात असेलच असे नाही. काही तासांत उंदीर अंग आखडून बसतो, खाणे सोडतो, सोबत्यांना टाळतो. अंगात कणकण असताना आपल्या तोंडाची चव जाते आणि कोणी बोलावयास आलेले नको वाटते, त्याच जातीची ही अवस्था आहे.

हे शरीराचे केवळ ढासळणे नव्हे, अशी मांडणी बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये केली. ज्वर जंतूंना प्रतिकूल असतो, पण तो शरीराला महाग पडतो. म्हणून आजारी प्राणी इतर खर्च थांबवतो. या मताला सुंदर पुष्टी मिळाली ती ओबेर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ मधील प्रयोगाने. पिले असलेल्या उंदरिणींना त्यांनी हेच द्रव्य टोचले. २२ अंश सेल्सियस तापमानात या आजारी माता विखुरलेली पिले उचलून आणीत, पण घरटे बांधीत नसत. तापमान ६ अंशांवर उतरविले, तेव्हा त्या घरटेही बांधू लागल्या. थंडीत घरट्यावाचून पिले जगली नसती. म्हणजे आजाराने शक्ती हिरावली नव्हती, कामांचा क्रम बदलला होता. या संशोधनातील इतर सारे विसरले तरी चालेल, ही उंदरीण विसरू नये. आजारपणाला निव्वळ अभाव समजण्याची आपली सवय ती मोडून काढते.

परंतु आजारपण म्हणजे विषाद नव्हे. १९९६ मध्ये राझ यिर्मिया यांनी दाखविले की, असे द्रव्य टोचलेल्या उंदरांची गोडाची आवड घटते आणि इमिप्रामिन हे विषादावरील औषध दीर्घकाळ आधीपासून दिले असता ती बरीचशी टिकते. पुढे असेही आढळले की ज्वरग्लानी ओसरल्यावर, साधारण २४ तासांनी, विषादसदृश वर्तन मागे उरते. २००९ मध्ये ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी ट्रिप्टोफॅनला किन्युरेनिनच्या मार्गाकडे वळविणारे एक विकर रोखून धरले. तेव्हा उंदीर आजारी पडले, पण विषादसदृश वर्तन दिसले नाही. दोन अवस्था अशा रीतीने वेगळ्या काढता आल्या.

आता साधारण धर्माकडे वळू. पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये रूढ केलेल्या कसोटीत उंदराला पाण्यात सोडतात; तो पोहणे थांबवून तरंगू लागला, की त्याने आशा सोडली असे समजत. सुटका नाही हे ओळखून बळ राखणारा प्राणीही असाच तरंगेल, हा आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटतो. दुसरी कसोटी अधिक विश्वसनीय आहे: एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत साखरेचे. निरोगी उंदीर गोड पाणी पसंत करतो. दाहानंतर ही पसंती मावळते. या आनंदलोपाला आपल्याकडे शब्द आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात मनस्तापाची लक्षणे म्हणून वैचित्य, अरति आणि ग्लानी यांची गणना आहे. सायटोकाइन चरकाला ठाऊक होते, असा दावा यावरून करणे हास्यास्पद ठरेल. तथापि ज्वराच्या विचारातच 'अरति' नोंदविणारी परिभाषा हाती असताना मराठीत तिच्यासाठी ओबडधोबड नवे शब्द का घडवावेत?

वृत्तपत्रांत 'सदृश' गळतो आणि उपमेचे रूपक होते: दाह म्हणजेच विषाद. माणसांविषयीचा पुरावा इतका सरळ नाही. कर्करोगासाठी इंटरफेरॉन-आल्फा घेणाऱ्या ४० रुग्णांच्या २००१ मधील अभ्यासात, पॅरोक्सेटीन न मिळालेल्यांपैकी ४५ टक्क्यांना विषादाने ग्रासले, मिळालेल्यांपैकी ११ टक्क्यांना. येथे उपमा जवळजवळ तादात्म्याला पोहोचते. उलट २०१३ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या ६० विषादग्रस्तांवर दाहरोधक इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिले, तेव्हा सरसकट पाहता ते निरौषधी द्रव्याहून सरस ठरले नाही. ज्यांच्या रक्तात दाहाची खूण मुळातच अधिक होती, त्यांच्यातच लाभाची चिन्हे दिसली.