मंडळ्या अनेक, पाळक थोडे

1706 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतली पहिली प्रेस्बिटरी (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांवर देखरेख करणारी पाळक व वडील यांची सभा) स्थापन झाली, तेव्हापासून पाळकांचा तुटवडा कायमचाच होता. अल्स्टरहून आलेले स्कॉट-आयरिश लोक पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर वस्ती करीत आणि प्रेस्बिटरीकडे पाळक मागत. पण पाळक सहजी तयार होत नसे. उमेदवाराला लॅटिन, ग्रीक, धर्मशास्त्र यांत परीक्षा द्यावी लागे, नमुन्याची प्रवचने करावी लागत. मग प्रवचनाचा परवाना मिळे आणि तो घोड्यावरून पाळक नसलेल्या मंडळ्यांमध्ये फिरू लागे. खरी परीक्षा इथेच होई. तो पसंत पडला तर मंडळी वार्षिक वेतनाचे वचन देऊन त्याला लेखी बोलावणे धाडी. ते बोलावणे प्रेस्बिटरीमार्फतच जाई. उमेदवाराने ते स्वीकारले की दीक्षा व नेमणूक होई. वेतन मात्र अनेकदा थकत असे.

अशा पाळकांपैकी एक सॅम्युअल डेव्हिस. त्याला 1747 मध्ये व्हर्जिनियासाठी दीक्षा मिळाली. तिथे अँग्लिकन चर्च राजमान्य असल्याने त्याला सरकारी परवानाही काढावा लागला. हॅनोव्हर परगण्याभोवती विखुरलेली अनेक प्रार्थनास्थळे तो एकटाच सांभाळी.

या तुटवड्यामुळे पाळकांसाठीची शिक्षणाची अट सैल करावी की नाही, यावरून पुढे केंटकी-टेनेसीत वाद पेटला आणि 1810 मध्ये कंबरलँड प्रेस्बिटेरियन हा पंथ वेगळा झाला.