थाळी वाजवून कान तपासता येत नाही



बाळाला ऐकू येतं का, हे बघायला आपण त्याच्या पाठीमागे थाळी वाजवतो. बाळ दचकलं की घर निश्चिंत. पण थाळीचा आवाज फार मोठा. तेवढा ऐकू येणाऱ्या बाळाला आईचं हळू बोलणं ऐकू येतच असेल असं नाही. कधी ते हादऱ्याने किंवा सावली हलली म्हणूनही वळतं. पुढे मूल बोलत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "ह्याचा बाप पण उशिरा बोलला होता." यात दोन-तीन वर्षं जातात, आणि भाषा शिकायची खरी वर्षं तीच. म्हणून आज आपण कानाच्या तपासण्या समजून घेऊ.

आधी डॉक्टर बॅटरीने कानात बघतात. मळ आहे का, पडद्याला भोक आहे का, ते कळतं. ऐकू किती येतं, ते मात्र यातून कळत नाही.

तान्ह्या बाळासाठी पहिली तपासणी ओ.ए.ई. बाळाच्या कानात छोटं बूच ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान चांगला असेल तर तो अगदी हलका आवाज परत पाठवतो, तो यंत्र पकडतं. काही मिनिटांचं काम, झोपेतही होतं. 'रेफर' असं आलं तर बाळ बहिरं आहे असं समजू नका. जन्मानंतर कानात राहिलेल्या पाण्यामुळे किंवा चिकट्यामुळेही तसं येतं. पण दिलेल्या तारखेला पुन्हा जायचंच.

दुसरी बेरा. आवाज कानातून नसेवाटे मेंदूकडे पोचतो का, हे ती सांगते. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात. यात करंट देत नाहीत, दुखतही नाही. मूल शांत झोपलेलं हवं, म्हणून कधी डॉक्टर झोपेचं औषध देतात.

तिसरी टिम्पॅनोमेट्री. कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो ते बघतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं, ते यात सापडतं.

चौथी ऑडिओमेट्री, साधारण पाच वर्षांपुढची मुलं आणि मोठ्यांसाठी. कानाला हेडफोन लावून बारीक-जाड आवाज ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला, ते डेसिबलमध्ये कागदावर उतरतं. कुजबुज साधारण ३० डेसिबल, नेहमीचं बोलणं साधारण ६०. मग कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून पुन्हा तपासतात. हाडातून नीट ऐकू आलं, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात. तो बहुतेकदा औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतो. दोन्हीकडून कमी आलं, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. तिथे बहुधा श्रवणयंत्र लागतं. शब्द ऐकवून ते परत म्हणायलाही सांगतात. त्यावरून बोलणं किती समजतं ते कळतं.

हे आकडे हक्कासाठीही लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची कमतरता म्हणजे कमी ऐकू येणं, आणि ७० म्हणजे बहिरेपण.

तीन आकडे पाठ करा: १, ३, ६. पहिल्या महिन्यात पहिली तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्यांना न लाजता सांगा. ते पुढच्या तपासणीसाठी पाठवतात. आशाताईंनाही विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही या तपासण्या होतात.

आणि बायांनो, तोवर कानात तेल घालू नका, काडी-पिन फिरवू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न घ्या: आपल्या वाडीत हाक मारल्यावर न वळणारं मूल कोणतं? त्याच्या आईसोबत एकीने तरी दवाखान्यात जा. नवस नंतरही फेडता येईल, तपासणी आधी करू.