भरगर्दीत फोन का लागत नाही?

आषाढी एकादशीला पंढरपुरात माणसं चुकतात. म्हातारी आई दर्शनरांगेत पुढे सरकते, मुलगा चंद्रभागेच्या वाळवंटात मागे राहतो. दोघांकडेही मोबाइल असतो, दोन्ही फोनवर रेंज पूर्ण दिसते, आणि तरी फोन लागत नाही. अशा घडीला मोबाइलबद्दलच्या चुकीच्या समजुती महागात पडतात, कारण त्यांच्यापायी माणूस नेमकं नको ते करत बसतो.

पहिली समजूत: रेंज फुल, म्हणजे नेटवर्क ठणठणीत. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरकडून निघालेली लहर आपल्यापर्यंत किती जोरात पोचते आहे. त्याच टॉवरवर आत्ता किती जणांचा भार आहे, याचा त्यात मागमूसही नसतो. टॉवरच्या अगदी पायथ्याशी उभं राहिलं, तरी गर्दीत फोटो अडकू शकतो.

दुसरी समजूत जुनी आहे आणि तिला कारणही आहे. टॉवरला ठरावीक ‘लाइनी’ असतात, त्या भरल्या की बाकीचे बाहेर, असं अनेकांना वाटतं. 2जीच्या काळात हे बरंचसं खरं होतं. 200 किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यावर वेळेचे आठ कप्पे पाडलेले असत आणि बोलणारा माणूस कॉल संपेपर्यंत त्यातला एक कप्पा अडवून ठेवी. किती कप्पे ठेवले म्हणजे पुरतील, याचं गणित डेन्मार्कच्या आग्नेर एर्लांग यांनी 1917 मध्येच मांडून ठेवलं होतं, तेही तारेच्या टेलिफोनसाठी. त्या गणिताचा पाया असा की सगळे जण एकाच वेळी फोन उचलत नाहीत. एकादशीला नेमका तो पायाच हलतो.

4जीमध्ये कोणाची लाइन राखीव नसते. तिथे टॉवर पंगतीतल्या वाढप्यासारखा फिरतो, फक्त सेकंदाला हजार वेळा. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे 100 तुकडे केलेले असतात आणि दर मिलिसेकंदाला ठरतं की कुठला तुकडा कोणाच्या पानात पडणार. कोणाला काय हवंय, कोणाकडे लहर किती स्वच्छ पोचते, कोण कधीपासून ताटकळतोय, हे सगळं पाहून वाटप होतं. लांबच्या किंवा आडोशाच्या माणसाला तेवढीच माहिती पोचवायला जास्त तुकडे खर्ची पडतात, म्हणजे त्याचा त्रास सगळ्या पंगतीला होतो. हिशेब सोपा आहे. अशा पट्ट्यावर दोन अँटेनांच्या साध्या मांडणीत कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला 150 मेगाबिट. एका टॉवरच्या एकाच दिशेला 1000 जण सतत काही मागत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 0.15 मेगाबिट येतं, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. यात टॉवर बिघडलेला नसतो. तो आपलं काम चोख करत असतो, पण वाटायला तेवढंच असतं.

तिसरी समजूत सगळ्यांत नुकसान करणारी: लागत नाही ना, मग लावत राहा. इथे जरा थांबायला हवं. कॉल असो की फोटो, स्वस्थ पडलेल्या फोनला आधी टॉवरचं दार ठोठावावं लागतं. त्यासाठी ठरावीक क्षण असतात आणि 4जीमध्ये 64 ठरलेल्या खुणा. त्यांपैकी बहुतेक खुणा सर्वांसाठी खुल्या असतात आणि फोन त्यातली एक आपल्या मनाने उचलतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण उचलली, की टक्कर होते आणि बहुतेक वेळा कोणाचंच नीट ऐकू जात नाही. मग दोघंही थोडं थांबून, थोड्या जास्त जोराने पुन्हा ठोठावतात.

ही युक्ती हवाई बेटांवरून आली. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले आणि नियम अगदी सुटसुटीत ठेवला: हवं तेव्हा पाठवा, टक्कर झाली तर अंदाजाने थोडं थांबून पुन्हा पाठवा. त्याचं गणित आजही डोळे उघडणारं आहे. अशा मोकळ्या पद्धतीत उत्तमात उत्तम परिस्थितीतही जेमतेम 18 टक्के वेळ कामी येतो. सर्वांनी ठरलेल्या ठोक्यावरच पाठवायचं असं बंधन घातलं, तर 37 टक्के. आणि त्या टोकानंतर प्रयत्न जितके वाढतील, तितकं पोचणारं कमी होत जातं. हजारो माणसं एकाच वेळी पुन्हापुन्हा कॉल लावतात, तेव्हा ती त्या उतारावर असतात. फ्लाइट मोड चालू-बंद करण्यानेही भरच पडते, कारण फोनला पुन्हा नव्याने नोंदणी करावी लागते.

‘मग टॉवर मोठा आणि ताकदवान का करत नाहीत?’ कारण त्याने उलटं होईल. ताकद वाढवली की टॉवर आणखी लांबच्या माणसांना आपल्याकडे ओढतो, म्हणजे तोच पट्टा आणखी लोकांत वाटला जातो. 1947 मध्ये बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी नेमका उलटा विचार मांडला: प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडा, प्रत्येकात कमी ताकदीचा ट्रान्समीटर ठेवा, आणि पुरेशा अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. आजचं सगळं मोबाइल नेटवर्क त्या कल्पनेवर उभं आहे. म्हणूनच यात्रेला ट्रकवर बसवलेले तात्पुरते टॉवर आणतात आणि गर्दीच्या जागी अँटेनांची तोंडं जमिनीकडे झुकवतात.

भारतात 1 ऑक्टोबर 2022 ला 5जी सुरू झालं, आणि आता गर्दीचा प्रश्न मिटला अशी नवी समजूत आली. फरक मोठा आहे, हे मान्य. 4जीचा एक पट्टा जास्तीत जास्त 20 मेगाहर्ट्झचा, तर 3.5 गिगाहर्ट्झजवळच्या 5जीत तो 100 मेगाहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय अनेक छोट्या अँटेना मिळून वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे झोत सोडतात, त्यामुळे तोच पट्टा एकाच क्षणी अनेकांना देता येतो. पण माणसं खांद्याला खांदा लावून एकाच दिशेला उभी असतील, तर हे झोत वेगळे काढणं अवघड होतं. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. या पट्ट्यात येण्याजाण्याची वाट एकच असते आणि वेळ वाटून दिलेला असतो. लोक एरवी पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून बहुतेक वेळ टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या माहितीसाठी राखलेला असतो. यात्रेत, विसर्जनाला, सामन्याला मात्र सगळेच व्हिडिओ पाठवत असतात. नेमकी अरुंद बाजू तुंबते, आणि ती फोनच्या पाव वॉटच्या आतल्या ताकदीवर चालत असते.

लग्नाच्या गर्दीत मंगल कार्यालयातलं वाय-फाय हा उपाय म्हणून सुचवला जातो. तिथे अडचण निराळी आहे. जुन्या पद्धतीच्या वाय-फायमध्ये राऊटर वाटप करत नाही. प्रत्येक फोन आधी कानोसा घेतो, हवा मोकळी दिसली की अंदाजाने थोडं थांबतो आणि मग पाठवतो. माणसं वाढली की बोलण्यापेक्षा थांबण्यातच वेळ जातो. वाय-फाय 6 पासून राऊटरलाही वाटपाची सोय मिळाली, पण समोरचे फोनही तेवढेच नवे असावे लागतात.

तर चुकलेल्या माणसाने काय करावं? साधा एसएमएस. तो नेटच्या वाटेने जात नाही. टॉवर आणि फोन यांच्यातल्या व्यवस्थेच्या निरोपांसोबत तो छोट्याशा फटीतून निघतो. समोरचा फोन सापडला नाही, तर कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि तिथूनच पुन्हा पाठवला जातो. व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल दहा वेळा लावण्यापेक्षा ‘वाळवंटात आहोत, पुलाच्या बाजूला’ एवढं लिहून पाठवावं. देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना-मात्रा धरून 70 खुणा मावतात. हा मजकूर त्यात सहज बसतो.

आणि जिवावरचा प्रसंग असेल तर 112. गर्दी अनावर झाली की टॉवर सामान्य फोनांना काही वेळ दाराबाहेर थांबवू शकतो. त्यासाठी प्रत्येक सिमवर 0 ते 9 पैकी एक वर्ग नोंदलेला असतो. 11 ते 15 हे वर्ग सुरक्षा यंत्रणा, आपत्कालीन सेवा अशांसाठी राखीव असतात. आपत्कालीन कॉलचा निर्णय या अडवणुकीपासून वेगळा ठेवलेला आहे, त्यामुळे बाकीचे कॉल अडवले असतानाही टॉवर तो आत घेऊ शकतो. आपल्या कंपनीची रेंजच नसेल, तर फोन तो कॉल सापडेल त्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लावायचा प्रयत्न करतो.